फोटो मी काढला होता

प्रा. उत्तमराव खिल्लारे सरांची आणि माझी पहिली भेट प्राचार्यांच्या बंद दारासमोर झाली. त्याला आता पंधरा वर्षे होतील. नेमणुकीचे पत्र घेऊन मी शिरपूर जैनहून सकाळच्या एसटीने निघालो होतो. गाडी वाटेत बंद पडली आणि मी महाविद्यालयात पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. कार्यालयातल्या बाबूंनी मान वर न करता सांगितले, प्राचार्य गेले, उद्या या. मी निमूटपणे परत फिरलो. तेवढ्यात काखेत नकाशांची गुंडाळी धरलेले एक गृहस्थ समोर आले.

"तुमी कॉमर्सचे नवे सर काय?"

"हो सर. उद्या बोलावलंय."

"उद्या कायले? पत्रावर आजची तारीख हाय न? मंग आजच रुजू व्हा. नोकरीत मानूस एका दिवसानं खाली जाते बापा, वर येत नाही."

त्यांनी मला स्कूटरवर बसवले आणि थेट प्राचार्यांच्या वावरात नेले. प्राचार्य सोयाबीनच्या फवारणीवर उभे होते. रुजू अहवालावर त्यांची सही स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून झाली. माझ्यासोबत निवडले गेलेले दोघे दुसऱ्या दिवशी रुजू झाले, म्हणून मी आजही त्यांच्यापेक्षा एका दिवसाने ज्येष्ठ आहे. तो दिवस मला सरांनी दिला.

सर भूगोलाचे. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका लहान गावातून आलेले. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, वडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबून मुलाला वसतिगृहात ठेवले. हे सर स्वतः कधी सांगत नाहीत, मला त्यांच्या बहिणीकडून कळले. सरांची शिकवण्याची रीत मात्र सगळ्या तालुक्याला माहीत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आपल्या गावच्या विहिरीचे पाणी मोजायचे आणि त्याचा तक्ता ग्रामपंचायतीत लावायचा. एकदा एका विद्यार्थ्याने घरी बसूनच आकडे लिहिले. सर त्याच्यासोबत एसटीने त्याच्या गावी गेले, स्वतः दोर सोडून पाणी मोजले आणि एकच वाक्य बोलले, "आकडा चुकला तर चालते रे, बनवला तर नाही चालत." तो विद्यार्थी आज शिक्षक आहे आणि आपल्या वर्गाला हेच वाक्य ऐकवतो.

सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला पत्र पाठवले. सरांच्या संघटनकार्यावर लिहा, तुम्ही त्यांचे सचिव होता, दोन-तीन प्रसंग द्या, असे त्यात होते. प्रसंग माझ्याकडे आहेत. पण त्यांतला सर्वांत मोठा प्रसंग असा आहे की तो सांगताना सर उंच होतात आणि मी लहान होतो. म्हणून सहा वर्षे मी तो गिळून बसलो. वाचकांनी तयारीनेच पुढे वाचावे, कारण हा लेख गोड नाही.

आमच्या प्राध्यापक संघटनेच्या स्थानिक शाखेचे सर सलग बारा वर्षे अध्यक्ष होते. त्या वर्षी प्रश्न पेटला तो तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा. कायम जागा भरल्या जात नव्हत्या. निम्मे वर्ग हे तासिकावाले सहकारी सांभाळत होते आणि दरवर्षी जूनमध्ये त्यांना पुन्हा हात जोडून उभे राहावे लागत होते. शिकवल्याचे अनुभव प्रमाणपत्र मागितले तर कार्यालय 'बघू' म्हणत असे. आम्ही तीन निवेदने दिली, एकाचेही उत्तर आले नाही. मग बेमुदत संपाची तयारी करायची असे ठरले.

तयारी हा शब्द सरांच्या तोंडी फार वजनाचा आहे. आम्हा बाकीच्यांना संप म्हणजे घोषणा आणि मंडप एवढेच ठाऊक होते. सर म्हणाले, "संपाची तयारी अशी करा का संप करायची पाळीच नाही आली पायजे. समोरच्याले कळलं पायजे का हे लोक महिनाभर बसू शकतात." त्यांनी भूगोलाच्या प्रयोगशाळेतली नकाशांची पत्र्याची पेटी रिकामी केली आणि त्यात एकेक गोष्ट जमू लागली.

सर्वांत आधी त्यात गेले ते भरपाईचे वेळापत्रक. संप पंधरा दिवस चालला तर बुडालेले तास कोणत्या रविवारी कोण घेणार, हे विषयवार लिहून प्रत्येकाने सही केली. ते झाल्याशिवाय सरांनी संपाच्या नोटिशीचा मसुदा हातात घेतला नाही. आमच्यातला एक तरुण सहकारी वैतागून म्हणाला, "सर, लढाईच्या आधीच माघारीचं टाइमटेबल?" सर म्हणाले, "पोरगं वावर सोडून कॉलेजात येते. त्याचा तास आपल्या भांडनात जाऊ नये." मग पालकांसाठी एका पानाचे पत्रक झाले. मी वाणिज्यचा माणूस, पत्रक मीच लिहिले आणि भरपूर जड लिहिले. सरांनी ते स्टँडवरच्या पानटपरीत हमीदभाईंना वाचून दाखवले. हमीदभाईंनी सुपारी कातरता कातरता विचारले, "सर, हे 'सेवासातत्य' म्हंजे काय भानगड हाय?" सरांनी तिथेच पेन काढून तो शब्द खोडला आणि लिहिले, 'या शिक्षकांना दरवर्षी जूनमध्ये नव्याने नोकरी मागावी लागते.' हमीदभाई म्हणाले, "हां, आता समजलं." पत्रक मंजूर झाले.

धरणे तहसील कार्यालयासमोर धरायचे होते. सर तिथे सकाळी दहाला, दुपारी एकला आणि तीनला गेले आणि तिथल्या कडुनिंबाची सावली कुठे पडते ते खडूने दगडांवर आखून आले. त्यावरून बसण्याचा नकाशा झाला. वयस्कर मंडळी आणि बाया सावलीत, आम्ही धडधाकट उन्हात. घोषणांचा कागद त्यांनी आमच्या महिला सहकाऱ्यांकडे दिला आणि सांगितले, ज्या घोषणा तुम्हाला मोठ्याने म्हणता येणार नाहीत त्या खोडा. अर्ध्या खोडल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच माझ्या होत्या.

आणि एक नियम होता, जो त्यांनी पहिल्या बैठकीत सांगितला आणि नंतरच्या प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगितला. तासिकावाल्यांचे नाव कुठल्याच कागदावर येता कामा नये. सही नाही, हजेरी नाही, कामवाटपात नाव नाही, फोटो तर नाहीच. "आपल्याले कोनी हात लावू शकत नाही. त्यांले काढाले कारनही लागत नाही, जूनमध्ये नुसतं बोलवाचं नाही, झालं. त्यांले मदत कराची असन तर करू द्या, पन कागद बोलते, हे ध्यानात ठेवा." हे शब्द मी सचिव म्हणून ऐकले आणि कार्यवृत्तात मुद्दाम लिहिले नाहीत, कारण ते लिहिणेही नियमाविरुद्ध होते. म्हणजे मला नियम समजला नव्हता असे म्हणण्याची सोय मला नाही.

नसरीन शेख मॅडम अर्थशास्त्राच्या तासिकावाल्या प्राध्यापक होत्या. महाविद्यालयाच्याच गावात, मंगरूळपीरला राहणाऱ्या, तिथेच वडिलांचे शिवणकामाचे दुकान. त्या चार वर्षे आमच्याकडे शिकवत होत्या. त्यांचे अक्षर असे की फळ्यावरचे लिखाण पुसायला पुढच्या तासाचा शिक्षक कचरत असे. फलक लिहायला त्या आपण होऊन आल्या. सर नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकले नाही. "सर, भांडन आमचं हाय अन् आमी घरी बसाचं?" असे त्या म्हणाल्या. म्हणून फलक महाविद्यालयात न लिहिता सरांच्या घरच्या अंगणात एका रविवारी दुपारी लिहायचे ठरले.

आता माझ्याविषयी थोडे सांगावे लागेल. त्या वर्षी महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे सगळे दस्तऐवजीकरण माझ्याकडे होते. हे काम ज्याने केले आहे त्यालाच त्याचा रोग माहीत. झाड लावले, फोटो. पाहुणे आले, फोटो. झाड लावायचे राहून गेले तरी चालेल, फोटो राहता कामा नये. आणि फोटो साधा नाही, त्यावर तारीख, वेळ आणि जागा आपोआप उमटली पाहिजे. त्यासाठी माझ्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप होते. त्यात काढलेला प्रत्येक फोटो थेट महाविद्यालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये जाऊन बसेल अशी जोडणी मी स्वतः करून घेतली होती. ती मी प्राचार्यांना कौतुकाने दाखवलीही होती. ते फोल्डर प्राचार्यांच्या टेबलावरच्या संगणकात उघडत असे.

त्या रविवारी अंगणात बारा-तेरा माणसे होती. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सगळ्यांना चहा देत होत्या. कापडावर निळ्या रंगाची अक्षरे उमटत होती आणि नसरीन मॅडम गुडघे टेकून, ओढणी कमरेला खोचून ब्रश चालवत होत्या. सर त्यांच्यासाठी कापडाचे टोक ताणून धरून उभे होते. दृश्य चांगले होते. माझा हात खिशात गेला, मोबाइल निघाला, ते अ‍ॅप उघडले आणि मी फोटो काढला. सगळे कापडात गुंतले होते, कोणी पाहिले नाही. विचार काहीच नव्हता. चार महिने रोज जे करत होतो तेच मी केले.

चुकीची जाणीव मला सोमवारी सकाळी झाली. नऊ वाजता मी फोल्डर उघडले. शुक्रवारच्या स्वच्छता मोहिमेच्या फोटोंच्या शेजारी हा फोटो होता. खाली तारीख, वेळ आणि सरांच्या घराची जागा. फलकावरचा 'संप' हा शब्द वाचता येत होता आणि त्याच्यावर वाकलेल्या नसरीन मॅडमचा चेहरा स्वच्छ होता.

इथपर्यंत ती चूक होती. इथून पुढे चूक म्हणता येत नाही. मला फोटो पुसता आला असता. पण त्या फोल्डरमध्ये सगळे फोटो महाविद्यालयाच्या एकाच खात्यावर येत, कोणी काढले ते दिसत नसे; काही पुसले की मात्र कोणी पुसले त्याचे नाव नोंदले जाई. फोटो पुसला तर माझे नाव उघड होईल, ठेवला तर कदाचित कोणी पाहणारच नाही, असा हिशेब मी केला. मांजर डोळे मिटून दूध पिते तसे मी फोल्डर मिटले आणि तासावर गेलो. सरांना सांगावे असेही मनात आले. सरांनी काही ना काही वाट काढली असती. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी कोणालाही सांगितले नाही.

बुधवारी प्राचार्यांनी आम्हाला बोलावले, अध्यक्ष म्हणून सरांना, सचिव म्हणून मला आणि नसरीन मॅडमना. टेबलावर त्या फोटोची रंगीत प्रत होती. तेव्हाचे प्राचार्य आवाज न चढवता बोलणारे होते. त्यांनी मॅडमना विचारले, "हे तुम्हीच ना?" मॅडमनी फोटो उचलून जवळ घेतला. तेवढ्यात सर बोलले.

"मॅडमले मीच बोलावलं. भूगोलाचे तक्ते रंगवाचे हायेत असं सांगून बोलावलं. कापडावर काय लिहाचं ते त्यांले तिथं आल्यावर समजलं. फोटोही माह्याच सांगन्यावरून काढला. जे काय इचाराचं ते मले इचारा."

बनवलेला आकडा चालत नाही म्हणणारा माणूस माझ्या शेजारी बसून पहिल्यांदा बनवून बोलत होता. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिले. "राऊत सर, तुम्हाला काही सांगायचंय?" मी मान हलवली, ती नाही अशी हलली. त्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मला अजून आठवतो.

सरांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. चौकशी वर्षभर चालली आणि शेवटी ताकीद देऊन मिटली. संप मात्र करावा लागला नाही. सरांची पेटी किती भरली आहे याची बातमी संस्थेपर्यंत पोहोचली होती. त्यांनी चर्चेला बोलावले, अनुभव प्रमाणपत्रे द्यायचे मान्य केले आणि काही जागांची जाहिरातही काढली. आम्ही चहा-कचोरी खाऊन विजय साजरा केला. जूनमध्ये तासिकावाल्यांची नवी यादी लागली, तीत इतर सगळ्यांची नावे होती, नसरीन शेख हे नाव नव्हते.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. फोटो बाहेर गेला कसा, याची चर्चा स्टाफरूममध्ये सुरू झाली. कोणीतरी म्हणाले, बाईनेच पाठवला असेल, कायम व्हायच्या आशेने प्राचार्यांची मर्जी सांभाळायला गेली आणि तोंडावर पडली. दुसऱ्याने मान डोलावली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आठवड्याभरात ती सगळ्यांची खात्रीच झाली. हे माझ्यासमोर बोलले गेले. मी टेबलाशी बसून चहा पीत होतो आणि तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. एकटे सर तेवढे प्रत्येक वेळी म्हणत, "त्या बाईनं नाही पाठवला." पण कोणी पाठवला ते सर सांगत नसत, म्हणून लोक समजत की सर मोठ्या मनाने तिच्यावर पांघरूण घालत आहेत.

त्या दिवसांत एकदा मी सरांच्या घरी गेलो होतो. सांगायचे ठरवूनच गेलो होतो. सरांनी पाट पुढे केला, वहिनींनी भाकर वाढली. जेवण झाल्यावर सरांनी विचारले, "राऊत, काही बोलाचं हाय काय?" मी म्हणालो, "नाही सर, सहज आलो." सर म्हणाले, "बरं." आणि मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

त्यानंतरही सर माझ्याशी तसेच वागले. माझी आई अकोल्याला दवाखान्यात होती तेव्हा सर एसटीने येऊन दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि मला बळेबळे आंघोळीला तिथल्या नातेवाइकांकडे पाठवले. उपप्राचार्यपदाची वेळ आली तेव्हा ज्येष्ठतेने ते पद सरांचे होते, पण चौकशीचे कारण सांगून त्यांना वगळले. सरांच्या खालचे दोघे नको म्हणाले आणि पद माझ्यापर्यंत उतरले. माझ्यासोबत निवडल्या गेलेल्या दोघांपेक्षा मी एका दिवसाने ज्येष्ठ होतो, म्हणून ते माझे झाले. त्या सकाळी माझ्या दारात पहिले उभे राहिले ते खिल्लारे सर. हातात हार नव्हता, पेढेही नव्हते. म्हणाले, "पोरांच्या दाखल्यांचं काम लवकर निपटवत जा, लोक लांबून येतात." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो आणि तसेच वाकून राहावे असे वाटले.

गौरव समितीचे पत्र आले आणि मी लेखासाठी माहिती घ्यायच्या निमित्ताने सरांकडे गेलो. या वेळी सांगितले. फोटोचे सांगितले, सोमवारचे सांगितले, चहाचे सांगितले. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "फोटोत सगळे होते, तुमीच तेवढे नव्हते."

"मग सर, तुम्ही बोलले काहून नाही?" माझ्याही तोंडून घरची बोली निघाली.

"मी कायले बोलू? मले वाटलं, तुमची गोष्ट तुमी सांगसान. आज सांगते, उद्या सांगते, अशी वाट पाहत राह्यलो." सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हे माह्यं चुकलं, राऊत. तुमाले सुधराले मोका देला अन् त्याच्यापाई त्या पोरीचं नाव सहा वर्षं खराब होऊ देलं. तुमची चूक सहा महिन्यांत उघडी पाडली असती तर तुमचं काय बिघडलं असतं? जरा बदनामी झाली असती. तिचं तर गावच तुटलं."

मी माफी मागितली. सरांनी हात आडवा केला. "माह्याजवळ मागून काय होते? जिचं गेलं तिच्याकडं जा."

नसरीन मॅडम आता कामरगावच्या एका खाजगी शाळेत शिकवतात. मी शनिवारी एसटीने गेलो. शाळा साडेअकराला सुटली. त्या मला ओळखून जवळ आल्या, पायऱ्यांवर बसा म्हणाल्या, पाणी आणून दिले. मी सगळे सांगितले. मी थांबल्यावर त्यांनी विचारले, "झालं सर?"

"झालं. मला माफ करा, मॅडम."

"सर, मले सांगून काय फायदा? मले तर माहीतच होतं का मी नाही पाठवला." त्यांनी रिकामा पेला बाजूला ठेवला. "नोकरीचं दुःख मी कवाच सोडून देलं. पन ज्या मॅडमसंगं मी चार वर्षं एका डब्यात जेवली, त्या बाजारात मले पाहून रस्ता बदलतात. अब्बाच्या दुकानात कॉलेजचं कोनी कपडा शिवाले येत नाही. त्यांले सांगा न. त्यांले कोन सांगन?"

मी म्हणालो, सरांचा गौरवग्रंथ निघतो आहे, तो या सगळ्यांच्या हातात जाणार आहे, त्यात लिहितो.

"नाव लिहून लिहा. 'एक सहकारी', 'एक भगिनी' असं नका लिहू. माह्यं नाव लिहा अन् तुमचंही."

म्हणून नावे लिहिली आहेत. संपादक मंडळातल्या एका स्नेह्याने लेख वाचून सुचवले की गौरवग्रंथात हे शोभत नाही, शिवाय तुम्ही उपप्राचार्य आहात, थोडे मोघम करा. मी त्यांना कळवले आहे की लेख छापायचा तर पूर्ण छापावा, नाहीतर परत करावा. सरांचा गौरव करायचा तर त्यांनी काय वाचवले आणि कोणाच्या हातून काय गेले हे सांगूनच करता येईल. मला दुसरा रस्ता सापडला नाही. मला लाज वाटते, आणि हा लेख छापून आल्यावर ती कमी होईल अशी माझी अपेक्षाही नाही. आता फक्त ती ज्याची त्याच्याकडे राहील. सहा वर्षे ती दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर होती.

सत्कार समारंभाचे निमंत्रण मी नसरीन मॅडमना दिले आहे. त्यांनी सरांसाठी येण्याचे कबूल केले आहे. हा ग्रंथ त्या दिवशी तुमच्या हातात असेल आणि त्या सभागृहात असतील. माझ्या सहकाऱ्यांना, विशेषतः त्यांच्यासोबत डबा खाणाऱ्या भगिनींना, माझे हात जोडून एवढेच सांगणे आहे. मला काय म्हणायचे ते नंतर म्हणा, त्याला मी हजर आहे. आधी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसा.

आदरणीय खिल्लारे सर आता निवृत्त होत आहेत. त्यांच्या गुडघ्यांना आराम मिळो, विहिरी मोजायचे त्यांचे वेड आणखी कितीतरी पावसाळे चालू राहो आणि वहिनींच्या हातची भाकर त्यांना रोज गोड लागो. त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो असे मीही इतरांसारखेच मागतो. पण माझे मागणे निव्वळ त्यांच्यासाठी नाही. सरांकडे नीट मान वर करून पाहायला मला अजून बरीच वर्षे लागणार आहेत, आणि तोवर सर असायला हवेत.